कोनाड्यातली वाटी

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी संतपूरच्या घरी अंगणात मूग निवडत बसले होते. "सिस्टर, इतकी वर्षं नर्स होतात, साथीच्या दिवसांतलं काहीतरी लिहा," असं ते म्हणाले. मी म्हटलं, साथीवर सगळ्यांचं लिहून झालंय, मी दुधावर लिहिते.  त्यांना बहुतेक म्हशी आठवल्या असाव्यात. बाळंतिणीच्या दुधावर, असं सांगितलं तेव्हा "बरं बरं" म्हणाले आणि घाईघाईनं फोन ठेवला. पुरुषमाणसांचं असंच असतं. ज्याच्यावर वाढले त्याचं नाव काढलं की त्यांना दुसरं काम आठवतं.

मी बिदर जिल्ह्यातल्या खेड्यांत उपकेंद्राची नर्स होते. लोकांच्या लेखी नर्स म्हणजे सुई. लेकरं मला बघून घरात पळायची आणि आया त्यांना माझाच धाक घालायच्या. पण सुई टोचायला वेळ तो कितीसा लागतो? माझी निम्मी नोकरी बाळंतिणीच्या बाजेशेजारी बसण्यात गेली. "दूध येईना" हे वाक्य मी मराठीत ऐकलं, कन्नडात ऐकलं, दखनीत ऐकलं, औरादच्या पलीकडं तेलुगूतही ऐकलं. भाषा कुठलीही असो, बोलताना बाई मान खालीच घालते, जणू काही तिनं चोरी केली आहे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आईचं दूध म्हणजे रांजणात भरून ठेवलेलं पाणी नव्हे, ते आडाचं पाणी आहे. उपसत राहिलं की झरा चालू राहतो, उपसणं थांबलं की झरा बुजतो. बाळ जितकं ओढेल तितकं अंग तयार करतं. पहिले दोन-तीन दिवस नुसता चीक येतो, पिवळसर, थेंब थेंब. बाळाचं पोटही तेव्हा बोराएवढंच असतं, त्याला तेवढा पुरतो. पण घरातल्या बायका ते थेंब बघतात आणि म्हणतात, हिला दूधच न्हाई. मग कुणी गुळाचं पाणी चाटवतं, कुणी डब्याची पावडर कालवतं. पोट भरलेलं बाळ आईला ओढत नाही. बाळ ओढत नाही म्हणून दूध येत नाही. न्हाई न्हाई म्हणता म्हणता खरंच न्हाई होऊन बसतं.

आळिवाची खीर, शेपूची भाजी, खसखस, लसणाची चटणी, हे सगळं मी कुणाला कधी बंद केलं नाही. बाईच्या ताटात चार चांगले घास पडायचे ते बाळंतपणातच, ते मी कशाला काढून घेऊ? पण खीर खाऊन बाळाला बाजूला निजवलं तर दूध कुठून येणार? आणि आमच्याकडं बाळंतिणीचं पाणी तोडतात, त्यावरून मी जन्मभर भांडले. पाणी पिलं की पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, असं म्हणून ओव्याचं कोमट पाणी घोटभर देतात. वैशाखातल्या उन्हात ओठ फुटलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. पाण्यानं दूध वाढतं असं नाही, पण तहानलेल्या बाईला दुसरं काही सुचत नाही एवढं तर कुणालाही कळावं.

गिऱ्हाइकंही नमुनेदार भेटायची. एकदा एक बाप्या सकाळीच उपकेंद्राच्या दारात येऊन उभा. हातात औषधाची रिकामी बाटली, तळाशी बोटभर दूध. "सिस्टर, बायकूचं दूध डेअरीवर तपासून आणलं. त्यो म्हणला फॅट लई कमी हाय. आता काय करावं?" मी विचारलं, तुझ्या घरी लेकरू जन्मलंय का रेडकू? तो बाटलीकडं बघायला लागला. मग म्हणाला, "लेकरू." म्हटलं, मग डेअरीत कामून गेलास? माणूस वाईट नव्हता. त्याला काळजी होती आणि त्याच्या माहितीत दूध तपासायची जागा ती एकच होती. मी त्याच्या बाळाला तराजूत ठेवून वाढलेलं वजन दाखवलं. "हे तुझं फॅट," म्हटलं. तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

पण सगळ्याच गोष्टी अशा हसून सोडायच्या नव्हत्या. काही जणींना सगळं करूनही दूध आलं नाही. कुणाचं अंगच तसं असतं, कुणाला बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं. एका पोरीसाठी मी रोज जात होते. शेवटी तिचा हात धरून सांगावं लागलं की बाई, यात तुझा काही दोष नाही, आता आपण वरचं दूध नीट उकळून, वाटी-चमच्यानं देऊ. ती म्हणाली, "सिस्टर, हे तुमी माझ्या सासूला सांगताव का?" मी सांगितलं. सासूनं ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच सुनेला भाकड म्हशीची उपमा दिली. असल्या वेळी माझी जीभ फार चालायची, चालली. पण मी गेल्यावर त्या पोरीला काय ऐकावं लागलं असेल ते मला कधीच कळलं नाही. ती हळहळ अजून आहे.

आता जी सांगायला बसले ती गोष्ट. मी निवृत्त व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातली. कोहिनूर नावाच्या गावाच्या अलीकडं एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथं एक खातंपितं लिंगायत घर. घरात अर्धं बोलणं मराठी, अर्धं कन्नड, भिंतीवर शरणांच्या, म्हणजे त्यांच्या संतांच्या, तसबिरी. घरची कर्ती शरणम्मा, तिला सगळे अव्वा म्हणत. कष्टानं वाळलेली, कमी बोलणारी बाई. दोन मुलगे. थोरला हैदराबादला कारखान्यात, धाकटा विरेश शेती बघायचा. विरेशची बायको अंबिका पहिलटकरीण. तिचं माहेर कडगंचीचं, पण आई लग्नाआधीच गेलेली, म्हणून बाळंतपण सासरीच.

या घरात मी पूर्वीपासून जायची. गेले की चहा मिळायचा. घरातले सगळे स्टीलच्या पेल्यातून प्यायचे आणि मला यायचा तो कपातून. पांढरा कप, कान तुटलेला. पडवीत दाराशेजारी एक कोनाडा होता, कप तिथं असायचा. चहा झाला की मीच तो रांजणाच्या पाण्यानं विसळून कोनाड्यात पालथा घालायची. आम्ही बौद्ध. तसबिरीतले शरण जातपात मोडा म्हणून सांगून गेले आणि त्या तसबिरीखाली माझा कप वेगळा. मी कधी काही म्हटलं नाही. जिथं भांडायचं तिथं मी बाळंतिणीसाठी भांडायची, स्वतःसाठी भांडायला लागले असते तर निम्मी दारं बंद झाली असती. चहा मात्र गोड असायचा, तो मी प्यायची.

अंबिकाला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. लहानखुरी, श्वासाला त्रास, म्हणून शहरातल्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्या. तिथल्या सिस्टरनं सांगितलं होतं की दूध हातानं पिळून वाटीत काढा, आम्ही नळीनं बाळाला देऊ. तसं केलं असतं तर झरा चालू राहिला असता. पण शरणम्मा मध्ये उभ्या राहिल्या. पिळायचं न्हाई म्हणाल्या. का, ते सांगेनात. कुणी समजावलं, कुणी रागावलं, बाई हलली नाही. अंबिकाची छाती दगड झाली, ताप आला आणि मग हळूहळू सगळं ओसरून गेलं. बाळाची तब्येत मात्र सुधारली आणि सगळे घरी आले.

मी घरी गेले तर बाळ थोरल्या सुनेच्या मांडीवर. तिचं नाव सुवर्णा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शाळकरी मुलाला घेऊन हैदराबादहून आलेली, तिचं धाकटं सहा-सात महिन्यांचं पोर पडवीत रांगत होतं. तिला दूध भरपूर. घरी आलेल्या त्या भुकेल्या जिवाला तिनं छातीशी घेतलं होतं आणि बाळ तिच्यावर लागलं होतं. सुवर्णाच्या तपासणीचे कागद मी पाहिले, डॉक्टरांना विचारलं, काही अडचण नव्हती. खरं सांगायचं तर त्या पोरीनं बाळाचा जीव राखला होता.

अंबिका आतल्या खोलीत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी शेजारी बसले. "काय ग, तोंड दाखवणार न्हाईस का?" म्हटलं. ती वळलीच नाही. तशीच म्हणाली, "सिस्टर, माझं लेकरू चाललंय."

"कुठं?"

"अक्कासंग. हैदराबादला. शाळा उघडल्या की अक्काला जावं लागतंय. अव्वा म्हणायल्यात, लेकरू तिच्याच अंगावर हाय, तिच्यासंगच जाऊ दे. वर्षभर राहील, मोठं झालं की आणू." मग म्हणाली, "वर्षानं ते मला वळकील का?"

 घरच्यांचं म्हणणं तसं सरळ होतं. बाळ अशक्त, आईला दूध नाही, काकूला आहे. पावडरच्या डब्यापेक्षा ते बरंच. चूक कुणाचीच काढता येत नव्हती आणि तरी एका बाईचं लेकरू तिच्यादेखत दुसऱ्या गावाला निघालं होतं. मी विचारलं, तू छातीला लावून बघितलंस का? म्हणाली, "लावलं की. एकदा तोंड लावतंय, कायबी येईना म्हणून चिरकतंय. मग अक्का घेतीय, की गप."

मी पडवीत आले आणि सगळ्यांना बोलावलं. सांगितलं की सुटलेलं दूध परत आणता येतं. दर वेळी येतंच असं नाही, पण बाळ अजून लहान आहे, शाळा उघडायला अवकाश आहे, आपण बघू. त्याची रीत अशी. बाळ दिवसभर आईच्या छातीवर राहायचं, अंगाला अंग लावून. दर दोन तासांनी आईला लावायचं. पण कोरड्या छातीला बाळ राहत नाही, म्हणून वरून चमच्यानं दूध सोडायचं, थेंब थेंब, असं की ते छातीवरून ओघळत बाळाच्या ओठाशी यावं. बाळाला वाटतं इथंच आहे. ते ओढायला लागतं. त्याच्या ओढण्यानं आईचा झरा जागा होतो. जसजसा तो जागा होईल तसतसे वरचे थेंब कमी करायचे.

"आनि वरचं दूध कुठलं?" विरेशनं विचारलं.

"सुवर्णाचं. सुवर्णानं आता बाळाला अंगावर घ्यायचं नाही. हातानं पिळून वाटीत काढून द्यायचं. आणि अंबिकानंही रोज पिळायचं, एक थेंब निघो की न निघो."

सुवर्णाचा चेहरा उतरला. इतके दिवस पाजलेलं लेकरू सोडायचं म्हणजे सोपं नव्हे. तरी ती "व्हय" म्हणाली. पण शरणम्मा उठून उभ्या राहिल्या. "पिळायचं न्हाई. ह्या घरात पिळून दूध काढायचं न्हाई म्हणजे न्हाई."

मी तापले. दवाखान्यातही हेच, इथंही हेच. मी म्हटलं, अव्वा, ज्या अडाणीपणानं सुनेचं दूध आटलं तोच परत करायलाव. कारण तर सांगा. नुसतं न्हाई म्हणजे काय? आणखीही बरंच बोलले. त्या ऐकत राहिल्या. त्यांचा हात तेवढा खांबावर घट्ट होता. माझा आवाज गल्लीत जात असणार, मी थांबले नाही.

तेवढ्यात आतल्या दाराशी अंबिका येऊन उभी राहिली. बाजेवरून उठून आलेली, पदर सावरलेला नाही. ती सासूसमोर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. आताही हळूच बोलली. "अव्वा, मला माय न्हाई. तुमाला सोडून मी कुणाला मागू? माझं लेकरू माझ्यापशी राहू द्या."

 शरणम्मा आत गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या परत आल्या त्या हातात एक स्टीलची वाटी घेऊन. कडेला पोचा आलेली, रोजच्या वापरातली. ती त्यांनी माझ्या हातात दिली नाही, माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. म्हणाल्या, "ही घ्या. पर ही वाटी परत माझ्या सैपाकघरात आनायची न्हाई. तिथं कोनाड्यात ठिवा."

कोनाड्यात माझा कप पालथा होता. त्याच्या शेजारी वाटी गेली. दोघांनाही आत यायला बंदी. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पडवीतच एक शेगडी मांडली, वाटी-चमचा उकळून घ्यायचा. अंबिकाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि विरेशला बजावलं की हा रिकामा दिसला तर मी तुला धरीन. खोलीत उकाडा मरणाचा. बाळाचे कपडे काढून अंबिकाच्या छातीवर ठेवलं. सुवर्णा शेजारी बसून चमच्यानं थेंब सोडायची. पहिल्या दिवशी बाळानं सगळं घर डोक्यावर घेतलं. त्याला सुवर्णाचा वास यायचा, ते तिच्याकडं मान वळवायचं आणि अंबिका रडायची. मी म्हटलं, तू रड, पण लेकरू हलवू नकोस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळानं थेंब चाटले, तोंड लावलं आणि ओढलं. थेंब थांबले की सोडून द्यायचं. परत थेंब, परत ओढणं. दोन जावा डोक्याला डोकं लावून बसलेल्या, एकीचं दूध दुसरीच्या छातीवरून बाळाच्या तोंडात चाललेलं. मी माझ्या नोकरीत पुष्कळ पाहिलं, असं पाहिलं नव्हतं.

पण अंबिकाच्या स्वतःच्या दुधाचा पत्ता नव्हता. ती पिळायला बसायची, बोंडालाच धरून ओढायची, दुखून डोळ्यांत पाणी यायचं. मी दाखवायची, तिच्या बोटांना जमत नव्हतं.  सुवर्णाला भरपूर होतं, तिचं कसंही निघायचं, तिला शिकवता येत नव्हतं. दिवस चालले होते. हैदराबादहून थोरल्याचा फोन आला, गाडीचं तिकीट काढलंय म्हणून. अंबिकानं ऐकलं. त्या दुपारी तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "जाऊ द्या सिस्टर. माझ्या अंगात न्हाईच."

शरणम्मा रोज दारात बसायच्या. आत यायच्या नाहीत. पाठ आमच्याकडं, तोंड अंगणाकडं. त्या दिवशी त्या उठल्या, आत आल्या आणि मला म्हणाल्या, "सरका."

मी सरकले. त्या बाजेवर बसल्या. शेगडीवरच्या गरम पाण्यात फडकं बुडवून, पिळून, अंबिकाच्या छातीवर ठेवलं. मग तळव्यानं वरून खाली, हलके हलके चोळत राहिल्या. मग अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या कडेच्या मागं. आधी आत दाबलं, मग बोटं जुळवली, सोडलं. परत. बोंडाला हात लावला नाही. घाई नाही. मी ट्रेनिंगमध्ये शिकलेली रीत हीच होती, पण माझ्याही हातात एवढी सफाई नव्हती. बऱ्याच वेळानं एक थेंब आला. पिवळा, टाचणीच्या डोक्याएवढा. तो वाटीत पडला नाही, अंबिकाच्या अंगावरच राहिला. अंबिका त्याच्याकडं बघत राहिली.

मी विचारलं, "अव्वा, हे तुम्ही कुठं शिकलाव?"

त्या हात न थांबवता बोलल्या. आवाज नेहमीसारखाच, कोरडा. "विरेशच्या अन् थोरल्याच्या आधी मला एक पोरगी झाल्ती. पाचवीबी झाली न्हाई, गेली. लेकरू गेलं तरी दूध थांबना. छाती फुटायची वेळ आली. माझी सासू मला मागच्या लिंबाखाली घिऊन बसायची. मुळावर पिळून टाकायचं. कैक दिवस. सासूनंच शिकवलं. आमच्यात दूध पिळतात ते तवाच. दुसऱ्या कशासाठी पिळत न्हाईत."

 बाहेर सुवर्णाचं पोर कशाशी तरी खेळत होतं, त्याचा तेवढा आवाज.

"दवाखान्यात ती नर्स आली, म्हणली दूध पिळून काढा. मला वाटलं, लेकरू गेलं. मला सांगायनात. पेटीपशी जाऊ देईनात, वर म्हणतेत पिळा. मी कसं पिळू देऊ? पिळलं की गेलंच म्हणायचं की."

 पडवीत मी या बाईला अडाणी म्हटलं होतं. दवाखान्यात सगळ्यांनी तिला समजावलं, पण तुला कशाची भीती वाटते, हे कुणी विचारलं नाही. तिच्या माहितीत वाटीत काढलेल्या दुधाचा एकच अर्थ होता आणि तो तिनं स्वतःच्या अंगावर भोगला होता. अंबिकानं सासूचा हात धरला. शरणम्मांनी तो सोडवून घेतला. "धरू नगं, काम हुंदे," म्हणाल्या आणि परत बोटं जुळवली.

त्या दिवसापासून सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याच बसायला लागल्या. थेंबाचे चार थेंब झाले, मग वाटीचा तळ ओला व्हायला लागला. निघेल तेवढं सगळं चमच्यानं बाळाच्या तोंडात, मुंगीलासुद्धा मिळालं नाही. सुवर्णाचे वरचे थेंब आम्ही हळूहळू कमी केले. मी रोज बाळाचं वजन करायची आणि काटा हलेपर्यंत सगळं घर श्वास धरून उभं राहायचं. एकदा वजन जागचं हललं नाही, तेव्हा थेंब परत वाढवले. अंबिका खचली. शरणम्मांनी तिला दुधात भाकर कुस्करून दिली आणि समोर बसून संपवायला लावली. पुन्हा दोन दिवसांनी काटा पुढं गेला.

सुवर्णा जायचा दिवस आला. जीप दारात, सामान चढलेलं. बाळाची अंगडी-टोपडी एका पिशवीत भरून ठेवलेली होती, कारण नक्की काय ते कुणीच ठरवलं नव्हतं. सुवर्णानं आत येऊन बाळाला उचललं, हुंगलं. बाळ भुकेलं होतं, तिच्या पदरात तोंड घुसळायला लागलं. तिच्या पोलक्यावर दुधाचे डाग उमटले. तिला पाजता आलं असतं. कुणी अडवलं नसतं. तिनं डोळे मिटले आणि बाळ अंबिकाच्या हातात दिलं. म्हणाली, "घे, तुझ्यापशी घे. मी बगते."

चमचा नाही, वाटी नाही. अंबिकानं बाळाला लावलं. बाळानं एकदा तोंड काढलं, कुरकुरलं. शरणम्मांनी सगळ्यांना हातानंच गप केलं. बाळानं परत तोंड लावलं आणि ओढलं, पुन्हा ओढलं. मग गळ्यात बारीक आवाज झाला, घोट गिळल्याचा. मग दुसरा. हा आवाज ज्यानं कान देऊन ऐकलाय त्यालाच कळतो. सुवर्णानं ऐकला. तिनं कपड्यांची पिशवी बाजेवर ठेवली, आपलं धाकटं पोर कडेवर घेतलं आणि मागं न बघता जीपमध्ये जाऊन बसली. या गोष्टीत सगळ्यात जास्त कुणी दिलं असं मला विचाराल तर मी तिचं नाव घेईन.

पुढं मी अधूनमधून जात होते. बाळानं अंग धरलं, गालावर मांस आलं. दिवाळी झाल्यावर विरेश निरोप घेऊन आला, लेकीचं उष्टावण हाय, अव्वानी बोलावलंय. उष्टावण म्हणजे बाळाच्या तोंडी पहिला घास. मी गेले. पडवीत सतरंजी, चार पाहुणे, कडगंचीहून अंबिकाचा भाऊ आलेला. सवयीनं माझी नजर कोनाड्याकडं गेली. कोनाडा रिकामा होता. वाटी नव्हती आणि कपही नव्हता. मला वाटलं, सण म्हणून झाडून घेतलं असेल.

शरणम्मा आतून आल्या. हातात खिरीची वाटी. कडेला पोचा. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बाळाला अंबिकाच्या मांडीवर बसवलं होतं, भाऊ पुढं सरसावला, कारण पहिला घास मामाचा. शरणम्मा म्हणाल्या, "थांबा. मामा दुसरा भरवील." आणि वाटी माझ्यासमोर धरली. या वेळी जमिनीवर नाही, हातात.

मी म्हटलं, "अव्वा, ही वाटी आत आणायची नव्हती."

"मी आनली," त्या म्हणाल्या. "भरवा."

मी बोटाच्या टोकावर खीर घेऊन बाळाच्या ओठाला लावली. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि निम्मी बाहेर ढकलली, सगळीच लेकरं तसं करतात. सगळे हसले. शरणम्मांनी तिची हनुवटी पुसली. बोटाला लागलेली खीर पाण्यानं धुतली नाही, स्वतःच्या तोंडात टाकली. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या, सगळ्यांसाठी सारख्या स्टीलच्या पेल्यांतून. माझा पेला हातात घेतल्यावर फार गरम लागला. कपाचा कान तुटका होता तरी तो असा पोळत नव्हता. मी पदरानं धरून प्यायले.